महिदपूरचा उतार

इंदुरात गणपतीतल्या व्याख्यानांना मी चाळीस वर्षं जाते आहे. विषय होळकरशाहीचा असला की शेवटी प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो: होळकरांचा सरदार गफूरखान फितूर झाला नसता तर महिदपूरला काय झालं असतं? विचारणारे काका दरवर्षी वेगळे असतात, सभागृहात उठणारी हळहळ मात्र तीच असते. वक्ते चार वाक्यं बोलतात, माना हलतात, आरतीची वेळ होते. महिदपूरला क्षिप्रेकाठी इंग्रजांनी होळकरांना हरवलं त्या दिवशी, २१ डिसेंबर १८१७ ला, क्षिप्रेला पाणी किती होतं, असं एवढ्या वर्षांत एकदाही कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मी शाळेत भूगोल शिकवला, म्हणून मला हा प्रश्न पडतो असं कुणी म्हणेल. असू दे. पण आपल्या लढायांचा इतिहास आपण माणसांच्या स्वभावावरून सांगतो. कोण शूर, कोण फितूर, कोण हट्टी. नदी त्यात पत्ता सांगण्यापुरती येते: यमुनेकाठी, भीमेकाठी, क्षिप्रेकाठी. त्यामुळे आपले पराभव आपण नीट वाचलेच नाहीत, असं माझं मत आहे. आणि ज्यावरून ते वाचता येतील तो नदीचा काठही आता आपल्या डोळ्यांदेखत बदलत चालला आहे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातच भाच्याला घेऊन महिदपूरला गेले होते. उज्जैन मागे पडलं की दोन्ही बाजूंना गहू, हरभरा, लसूण. गावाबाहेर जिथे ट्रॅक्टर नदीत उतरतात तिथे आम्ही खाली गेलो. पाणी माझ्या पिंढऱ्यांपर्यंत आलं, मध्यावर कुठे गुडघ्यापर्यंत. पलीकडे गेल्यावर भाच्याला म्हटलं, आता वर बघ, काय दिसतं? तो म्हणाला, "मावशी, नुसती माती." खरंच, काळ्या मातीचा तुटलेला, उभा काठ आणि वर आभाळ. काठावरचं सपाट रान, त्यातली झाडं, गुरं, माणसं, काहीच दिसत नव्हतं. तिथे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. मला त्या जागी ती लढाई कळली.

होळकरांच्या साठाहून अधिक तोफा पलीकडच्या काठावर, उताराच्या रोखाने मांडलेल्या होत्या. मागे पायदळ, आणि त्यामागे वीस-तीस हजारांच्या घरातलं घोडदळ. सर थॉमस हिस्लॉप आणि जॉन माल्कम या इंग्रज सेनापतींकडे लढायला साडेपाच हजारांच्या आसपास माणूस. तोफा पार नेता येतील असा उतार एकच होता. इंग्रजांच्या हलक्या तोफा पुढे सरसावल्या आणि होळकरांच्या जड तोफांनी त्या पाहता पाहता बंद पाडल्या. इथवर सगळं होळकरांच्या बाजूने होतं. पण इंग्रजी पलटणी नदीच्या पात्रात उतरून पलीकडच्या काठाखाली पोचल्या, आणि तिथे त्यांना आडोसा मिळाला. उंच काठावर, कडेला लावलेल्या तोफेची नळी पायथ्याशी उभ्या माणसावर रोखता येईल इतकी खाली झुकत नाही. काठाखालच्या पट्ट्यात पलटणींनी रांगा धरल्या आणि मग संगिनी रोखून त्या वर चढल्या. जो काठ होळकरांना तटबंदीसारखा वाटला, त्याचीच भिंत शत्रूच्या कामी आली.

वर पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही त्यांची माणसं पडत होतीच. मेलेले आणि जखमी मिळून जवळपास पावणेआठशे. होळकरांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. त्या गोलंदाजांसाठी आपल्या व्याख्यानांत दोन मिनिटंही मिळत नाहीत, याचं मला मनापासून दुःख होतं. "फितुरीमुळे हरलो" असं आपण म्हणतो तेव्हा या माणसांनी जे केलं ते आपण नकळत पुसून टाकतो.

फितुरीचा संशय बिनबुडाचा आहे असं मी म्हणत नाही. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात गफूरखानाला जावरा मिळालं, हे कुणी नाकारू शकत नाही. लढाईच्या आदल्या रात्री होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा शिरच्छेद करून देह क्षिप्रेत टाकला गेला. अकरा वर्षांच्या मल्हाररावांच्या नावाने चाललेला तो दरबार आतून पुरता फाटला होता. हे सगळं खरं आहे. पण एका माणसाच्या फितुरीने वीस हजार घोडा दिवसभर का थांबून राहतो, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी तेरा वर्षं मागे जावं लागतं.

१८०४ चा जुलै. इंग्रजांचा कर्नल मॉन्सन मुकुंदऱ्याची खिंड ओलांडून होळकरांच्या मुलखात घुसला होता. यशवंतराव होळकर चंबळ उतरून अंगावर येत आहेत हे कळल्यावर त्याने माघार घेतली, आणि तोवर पाऊस लागला होता. त्यानंतरचे सात-आठ आठवडे म्हणजे ओढ्यांनी आणि नद्यांनी चालवलेली लढाई. काळ्या मातीत तोफांची चाकं आसापर्यंत रुतली, बैल बसले. शेवटी कान्यात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, खिळे ठोकून तोफा तिथेच टाकाव्या लागल्या. कोट्याच्या झालिमसिंगाने आत घेतलं नाही. प्रत्येक नाल्याशी पाणी ओसरण्याची वाट पाहायची आणि मागून होळकरांचे स्वार. ऑगस्टच्या अखेरीस बनास नदीवर, निम्मी फौज पार आणि निम्मी अजून अलीकडे अशा अवस्थेत, सर्वांत मोठा घाव बसला. ३१ ऑगस्टला उरलेसुरले लोक आग्र्याला पोचले तेव्हा त्यांना फौज म्हणणं कठीण होतं. यशवंतरावांनी मॉन्सनला मोडला हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण त्यांनी ते पावसाळ्याच्या आणि भरलेल्या नद्यांच्या जोरावर केलं, हे सांगायचं राहून जातं. शत्रूला घरापासून लांब येऊ द्यायचं, मागची नदी भरली की त्याच्यावर सुटायचं. फिरत्या घोडदळाला याहून मोठा मित्र कुठला?

त्याच होळकरांची फौज १८१७ मध्ये काठावर तोफा रोवून उभी राहिली. महिना डिसेंबरचा, नदी पायउतार झालेली. हा महिना होळकरांनी निवडलेला नव्हता. त्या वर्षीच्या इंग्रजांच्या सगळ्या लढाया पाहा: ५ नोव्हेंबरला खडकी, नोव्हेंबरच्या अखेरीस सीताबर्डी, २१ डिसेंबरला महिदपूर, १ जानेवारीला भीमेकाठी कोरेगाव. सगळ्या दसऱ्यानंतरच्या, पाणी उतरल्यावरच्या. मॉन्सनच्या वाट्याला आलेला पावसाळा त्यांनी पुन्हा कुणाला भोगायला लावला नाही.

त्यांनी आपल्या फजितीचा अभ्यास केला होता. मॉन्सनची बातमी आल्यावर इंग्रज सेनापती आर्थर वेल्स्लीने तिची चिकित्सा केली तेव्हा त्याचं बोट पडलं ते धान्यसाठ्यावर आणि मागच्या नद्यांवर नावा न ठेवण्यावर. कोण भित्रा होता यावर त्याने वेळ घालवला नाही. आणि हा तोच वेल्स्ली, ज्याने वर्षभर आधी, २३ सप्टेंबर १८०३ ला, असईला शिंद्यांना हरवलं होतं. तिथली गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. समोर कैलना नदी, पलीकडे शिंदे-भोसल्यांची प्रचंड फौज. वाटाडे म्हणाले, जवळपास उतार नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन्ही तीरांवर, अगदी समोरासमोर, दोन गावं आहेत. त्याने ताडलं की दोन गावं अशी समोरासमोर वसली असतील तर त्यांची येजा असणार, आणि येजा असेल तर मध्ये उतार असणारच. माणूस पाठवून पाहिलं, उतार होता, आणि त्यावर राखण नव्हती. सोयरीक, बाजार, गुरांचं पाणी यासाठी रोज ती नदी ओलांडणारी माणसं आपलीच होती. त्या दोन गावांतल्या कुठल्याही गुराख्याला जे ठाऊक होतं, ते शिंद्यांच्या छावणीत कुणी विचारात घेतलं नाही. माझ्या वर्गातली मुलं इथे गप्प होत. त्या शांततेत त्यांना जे कळत असे ते फितुरीच्या दहा गोष्टींतून कळलं नसतं.

आणि असं नाही की नद्या वाचणं मराठ्यांना परकं होतं. आपली भाषाच पाहा. उतार, पायउतार, नदी उतरणे. फौजही नदी उतरते आणि पूर ओसरला की नदीही उतरते. पावसाळ्यात फौज मुक्कामाला बसते ती छावणी, आणि पाणी ओसरल्यावर दसऱ्याला सीमोल्लंघन. आपण आजही इंदुरात आपट्याची पानं देतो-घेतो, आणि छावणी नावाच्या भागात भाजी आणायला जातो. १७३८ मध्ये भोपाळजवळ निजामाने बाजीरावांशी तह केला तेव्हा माळवा कुठून कुठवर हे दोन नद्यांनीच सांगितलं होतं, नर्मदा ते चंबळ. त्याच्या आदल्या वर्षी थोरले मल्हारराव होळकर यमुना उतरून अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात गेले, तिथे मोगलांच्या सादतखानाने त्यांना गाठलं आणि परतताना कितीतरी स्वार यमुनेत बुडाले. बाजीरावांनी तो धक्का पचवला आणि काही दिवसांत दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभे राहिले. नर्मदेच्या रावेरच्या उतारावर त्यांचा देह पडला, २८ एप्रिल १७४० ला. तिथली समाधी बघायला आपण जातो, पण समाधी नेमकी तिथेच का, हे किती जण विचारतात? उत्तर-दक्षिण जाणाऱ्या फौजा तिथे नर्मदा ओलांडत, म्हणून छावणी तिथे होती.

पानिपताचं तर बोलायलाच नको. इंदुरात पानिपत म्हटलं की मल्हारराव पळाले की नाही, एवढ्यावर दोन तास जातात. यमुनेवर पाच मिनिटं द्यावीत. १७६० च्या पावसाळ्यात ती भरून वाहत होती म्हणून भाऊंना दुआबात उतरता आलं नाही आणि अब्दालीलाही अलीकडे येता आलं नाही. कुंजपुऱ्याचा किल्ला भाऊंनी १७ ऑक्टोबरला घेतला, आणि पुढच्या आठवडाभरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला. भाऊंची फौज दिल्लीपासून, म्हणजे रसदेपासून तुटली ती त्या दिवशी. १४ जानेवारीला जे झालं ते त्या उताराचं उरलेलं फळ होतं.

मला कुणी म्हणेल, एवढं जुनं उगाळून आज काय मिळणार? त्यांना मी महू दाखवेन. इंदूरपासून तासाभराच्या आत. मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, इंग्रजांची छावणी तिथे बसली, आणि आज आपल्या सैन्याचं आर्मी वॉर कॉलेज तिथेच आहे. जवळच्या जानापावच्या डोंगरात चंबळ उगम पावते. आपल्या सैन्याने नद्यांचा धडा पुरा आत्मसात केला आहे. १९७१ च्या एप्रिलमध्ये लगेच हल्ला करा असा आग्रह झाला तेव्हा माणेकशांनी नकार दिला, त्याच्या कारणांत एक हे होतं की थोड्याच दिवसांत पावसाळा लागेल आणि पूर्व बंगालच्या नद्या समुद्रासारख्या होतील. त्यांनी डिसेंबर निवडला. मग मेघनेवरचा आशुगंजचा पूल शत्रूने उडवला, तेव्हा लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी हेलिकॉप्टरांतून फौज पलीकडे नेली. ९ डिसेंबरला ते काम सुरू झालं, १६ ला ढाका शरण आलं. ही आपल्याच देशाची, आपल्या हयातीतली गोष्ट आहे. सैनिक नदी वाचायला शिकला. नागरिकांना मात्र आपण अजून गफूरखानच शिकवतो आहोत.

आता क्षिप्रेकडे येते, कारण माझी खरी तळमळ तिथे आहे.

नदीकाठची रणभूमी किल्ल्यासारखी नसते. किल्ल्याची भिंत पडली तरी दगड उरतात. उताराचं तसं नाही. काठाचा कोन, वाळूचा पट्टा, शेजारचा नाला, ऋतूप्रमाणे चढणारं-उतरणारं पाणी, हेच तिथलं स्मारक. काठ काँक्रीटने बांधला, पात्रात बंधारा घालून पाणी तुंबवलं, नाला बुजवला, की लढाई कशी झाली ते पुन्हा कुणालाही समजणार नाही. कागदावर तारीख उरेल. २०१४ पासून नर्मदेचं पाणी उपसून क्षिप्रेच्या उगमाशी सोडलं जातं. ते न सोडावं असं मी म्हणणार नाही; उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या क्षिप्रेत स्नान करायला आलेल्या म्हाताऱ्या बायकांचे चेहरे मी पाहिले आहेत. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनला नवे घाट होत आहेत, तेही व्हावेत. कोट्यवधी लोक येणार आहेत, त्यांना सुरक्षित पायऱ्या हव्यात. पण घाटांची ही लाट उज्जैनहून खाली सरकत महिदपूरपर्यंत आली आणि रणभूमीचा काठही "सुशोभीकरणा"त गेला, तर ती हानी भरून येणार नाही. तेवढा पट्टा, उतार आणि त्याच्या दोन्ही अंगांचे उभे काठ, आहे तसा राखावा. पुतळा नको, कारंजं नको. एक साधा नकाशा उभा करावा, कोणाच्या तोफा कुठे होत्या, पलटणी कुठून उतरल्या, आणि पाणी त्या महिन्यात किती असतं ते सांगणारा.

२०२५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने "भारत रणभूमी दर्शन" सुरू केलं, लोकांनी रणभूमी पाहाव्यात म्हणून. भर आहे तो सीमेवरच्या जागांवर. गलवान, डोकलाम पाहायला जावंच. पण देशाची सीमा ठरण्याआधीच्या ज्या लढायांनी हा देश कुणाच्या हाती जाईल हे ठरवलं, त्यांची मैदानं अशी गावकुसाबाहेर विसरून पडू नयेत.

"पराभवाचं स्मारक कशाला जपायचं?" हा आक्षेप मला एका जवळच्या माणसाने घेतला, आणि त्याचा रोष मी समजू शकते. होळकरांनी त्या तहात खानदेश आणि सातपुड्याखालचा मुलूख गमावला, राजपूत संस्थानांवरचा हक्क गमावला. हे सगळं नदीकाठी उभं राहून आठवायला जड जातं. पण आपण इंदूरकर आहोत ते त्याच पराभवामुळे. १८१८ पर्यंत होळकरांची राजधानी इंदूर नव्हती; अहिल्याबाईंच्या काळी ती महेश्वर होती, नंतर यशवंतरावांच्या काळी भानपुरा. महिदपूरनंतर, तहानंतर, राजधानी इथे आली. ज्या गावात आपले वाडे, शाळा, गणपती, व्याख्यानमाला उभ्या राहिल्या, ते गाव राजधानी झालं ते क्षिप्रेच्या त्या उतारावर जे घडलं त्यामुळे. इतकी जवळची जागा परकी मानून कसं चालेल?

राजवाड्यावरून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांशी उतरा. तिथे कान्ह वाहते, किंवा वाहते म्हणावं इतकीच हलते. काळं पाणी, कडेला अडकलेल्या पिशव्या. त्या छत्र्यांतली एक कृष्णाबाईंची आहे, महिदपूरच्या रणात ज्यांचा अकरा वर्षांचा मुलगा होता त्या मल्हाररावांच्या मातोश्रींची. त्यांच्या पायाशी वाहणारं हे पाणी उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीशी क्षिप्रेला मिळतं आणि उज्जैन ओलांडून महिदपूरच्या उताराकडे जातं. इंदुरात आपण जे नदीत टाकतो ते त्या गोलंदाजांच्या मातीपर्यंत पोचतं. पाण्याची स्वच्छता आणि इतिहासाची जपणूक ही मला म्हणूनच दोन वेगळी कामं वाटत नाहीत. महिदपूरच्या काठाला संरक्षण मागायला जाणाऱ्याने कान्हेचंही गाऱ्हाणं सोबत न्यावं.

या वर्षीच्या व्याख्यानमालेत मी आयोजकांना एक विनंती केली आहे. होळकरशाहीचा विषय असेल त्या दिवशी मंचावर क्षिप्रेचा मोठा नकाशा लावावा, आणि गफूरखानाचा प्रश्न आला की वक्त्यांनी आधी नकाशाकडे यावं. दुसरं, २१ डिसेंबरला सकाळी सहाला रामबागेतून एक गाडी महिदपूरला निघेल. आठवी-नववीची मुलं सोबत असतील तर फार बरं. त्यांनी पाण्यात उतरून खोली मोजायची आहे, काठाची उंची घ्यायची आहे, आणि काठाखाली उभं राहून वर काय दिसतं ते वहीत लिहायचं आहे. बांबू, दोरी आणि ओळंबा मी आणीन.